विसाव्या मिनिटाला गाडी कशी वागते?

वाचकाचं पत्र:

"दहा वर्षं हॅचबॅक चालवली. आता दोन दारांची, आकारानं लहान पण दमदार कूपे घ्यायची आहे, सेकंड हँड चालेल. रोज जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर ऑफिस आणि महिन्यातून एखादा दिवस रेस ट्रॅक, असा वापर होईल. मुलगी सात वर्षांची आहे, तिला अधूनमधून मागे बसवावं लागेल. यादीत चार गाड्या आहेत: टोयोटा जीआर८६, बीएमडब्ल्यू एम२ (पहिली, एफ८७), पोर्शे केमन एस (९८७ पिढी, २००९ नंतरची) आणि अल्पाइन ए११०. मित्र म्हणतात, पॉवर कमी पडली की पस्तावशील, सरळ नव्या पिढीची एम२ घे. जाणकार मंडळी अशा गाडीत नेमकं काय बघतात? घेण्याआधी काय तपासू? आणि घेतल्यावर आधी रिमॅप (सॉफ्टवेअर बदलून इंजिनाची पॉवर वाढवणं) करू की गाडी खाली बसवू?"

उत्तर:

पॉवर कमी पडेल का, ही धास्ती गाडी घेण्याआधीची. गाडी ट्रॅकवर नेली की दुसराच प्रश्न उभा राहतो. ट्रॅकवरचं एक सेशन साधारण वीस मिनिटांचं असतं. पहिल्या दोन लॅपमध्ये गाडी जशी वळली, जशी थांबली, तशीच ती विसाव्या मिनिटाला वळते आणि थांबते का? मुरलेली मंडळी गाडीत हेच शोधतात. वजन, ब्रेक, डिफरन्शियल, तेलाचं तापमान, टायर यांबद्दल ती जे काही बोलतात, ते सगळं फिरून याच प्रश्नाशी येतं.

आधी वजन. ए११० चं वजन सुमारे ११०० किलो, नव्या जी८७ एम२ चं मॅन्युअल गिअरमध्ये सुमारे १७००. दोन्ही गाड्या सरळ पट्ट्यावर ताशी १६० वर आहेत आणि वळणासाठी ६० पर्यंत खाली आणायच्या आहेत असं धरा. हलक्या गाडीच्या ब्रेकना सुमारे ९३० किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते, जड गाडीच्या ब्रेकना सुमारे १४४०. एका लॅपमध्ये असं पाच वेळा ब्रेकिंग झालं तर फरक अडीच हजार किलोज्यूलवर जातो, आणि पुढच्या लॅपला तेवढाच पुन्हा. मोठ्या डिस्क आणि मोठे कॅलिपर बसवले की ही उष्णता झेलायची ताकद वाढते, पण त्यांचंही वजन होतं आणि ते थेट चाकावर येतं.

टायरचा हिशेब आणखी कडक आहे. टायरवरचा भार दुप्पट केला तर पकड दुपटीपेक्षा कमीच वाढते. त्यामुळे जड गाडीला रुंद टायर दिले तरी वळणातला तोटा पूर्ण भरून निघत नाही, आणि बाहेरच्या बाजूचा पुढचा टायर सेशनच्या मध्यावरच तापून ढिला पडतो. टनामागे पॉवर काढून पाहा. जीआर८६ ची २३४ पीएस (अश्वशक्ती) आणि १२७० किलोच्या आसपास वजन, म्हणजे टनाला साधारण १८४. ए११० (२५२ पीएस) टनाला २२८, केमन एस (३२० पीएस, १३५० किलो) २३७, पहिली एम२ (३७० पीएस, १४९५ किलो) २४७. नवी एम२ आली तेव्हा ४६० पीएस होती, म्हणजे टनाला २७० च्या आसपास. ए११० पेक्षा पॉवर ८२ टक्के जास्त, पण टनामागे फायदा जेमतेम १९ टक्क्यांचा, आणि वजनाची किंमत मात्र प्रत्येक ब्रेकिंगला आणि प्रत्येक वळणाला. नवी एम२ गाडी म्हणून कमी नाही, लांबच्या प्रवासाला ती या चौघींपेक्षा सरस ठरेल. पण तुम्ही 'आकारानं लहान' असं लिहिलंय, आणि ती १८८७ मिलिमीटर रुंद आहे. जीआर८६ आहे १७७५. हे अकरा सेंटिमीटर अरुंद रस्त्यावर समोरून वाहन आलं की लगेच कळतात.

वजनानंतर येतं गाडीचं सांगणं. पुढचे टायर पकड सोडू लागले की स्टिअरिंग हातात हलकं व्हायला हवं, आणि मागची बाजू सुटायला लागली की सीटमधून कंबरेला कळायला हवं. दोन्ही गोष्टी चूक होण्याआधी कळाल्या तर उपयोग. तुमच्या यादीत हे सर्वांत स्पष्ट सांगते ती ९८७ केमन. तिचं पॉवर स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे, पुढच्या ९८१ पिढीपासून इलेक्ट्रिक आलं. पहिल्या एम२ चं इलेक्ट्रिक स्टिअरिंग अचूक आहे, पण मुकं. २०११ च्या १ सिरीज एम कूपेचं नाव लोक अजून काढतात त्यामागे हायड्रॉलिक स्टिअरिंग, फक्त मॅन्युअल गिअर आणि ३४० पीएसचं सहा सिलिंडर इंजिन ही जुळणी आहे. एकूण ६३०९ गाड्या बनल्या, त्यामुळे चांगली गाडी सापडणं अवघड.

इंजिनाबद्दल शौकिनांची मागणी साधी असते: पाय जेवढा दाबला तेवढंच मिळावं आणि दाबल्या क्षणी मिळावं. वळणाच्या मध्यात अ‍ॅक्सिलरेटर दोन मिलिमीटर दाबला आणि टर्बोनं अर्ध्या सेकंदानं भलताच टॉर्क आणून ओतला तर मागची चाकं सुटतात. जीआर८६ चं २.४ लिटरचं टर्बोशिवायचं बॉक्सर (आडव्या सिलिंडरचं) इंजिन इथे उजवं आहे. आधीच्या जीटी८६ मध्ये २ लिटर इंजिन होतं आणि ३५०० ते ४५०० आरपीएमच्या पट्ट्यात टॉर्कला खड्डा पडायचा, नेमका वळणातून बाहेर पडताना. नव्या इंजिनात २५० न्यूटन मीटर टॉर्क ३७०० वरच मिळतो, त्यामुळे ती तक्रार संपली. यादीत जीआर८६ ऐवजी जीटी८६ घालायचा मोह कुणी घातला तर एवढा फरक लक्षात ठेवा.

गिअरच्या रेशोकडे फार कमी लोक बघतात. मॅन्युअल केमनमध्ये, विशेषतः ९८१ आणि त्यानंतरच्या गाड्यांत, गिअर लांब आहेत. केमनची जीटी४ आवृत्ती तर दुसऱ्या गिअरमध्येच ताशी १३० च्या पुढे जाते. म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर कायद्यात राहून तुम्ही दुसरा गिअरसुद्धा पूर्ण वापरू शकत नाही. कागदावर आकडे चांगले दिसतात, हाताला मात्र काम उरत नाही. टेस्ट ड्राइव्हला दुसरा आणि तिसरा गिअर रेडलाइनला (इंजिनाच्या कमाल फेऱ्यांना) कुठल्या वेगाला पोचतात हे विचारा, किंवा ३००० आरपीएमवरचा वेग बघून गुणाकार करा.

आता डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाची ताकद दोन मागच्या चाकांत वाटणारा गिअरचा संच, कारण इथे फसगत होते. वळणात आतलं मागचं चाक हलकं होतं. साधं ओपन डिफरन्शियल असेल तर ते चाक जागच्या जागी फिरतं आणि ताकद वाया जाते. त्यावर तीन उपाय वापरले जातात. जीआर८६ मध्ये टॉर्सन आहे. गिअरच्या दातांवर चालणारं, देखभाल जवळपास शून्य, पण आतलं चाक जमिनीवरून पूर्ण उचललं गेलं तर तेही हतबल होतं, कारण ते कमी पकडीच्या चाकावरच्या टॉर्कला ठरावीक पटीनं वाढवून दुसरीकडे देतं, आणि शून्याची पट शून्यच. एम२ मध्ये इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचं क्लच प्लेटवालं डिफरन्शियल आहे. ते चाक उचललं तरी काम करतं, पण त्याचं तेल ट्रॅक वापरात लवकर बदलावं लागतं. तिसरा उपाय म्हणजे आतल्या चाकाला ब्रेक लावून भागवणं. ए११० मध्ये हाच आहे, यांत्रिक एलएसडी (आतल्या चाकाचं नुसतं फिरणं रोखणारं डिफरन्शियल) नाही. ११०० किलोच्या गाडीत ते खपून जातं, तरी मागच्या ब्रेकवर जादा उष्णता येतेच. ९८७ केमनच्या २००९ नंतरच्या गाड्यांत एलएसडी ऑप्शन म्हणून मिळायचं, म्हणून समोरच्या गाडीत ते आहे का हे बघावं लागतं. पुढच्या बॉनेटखाली ऑप्शनचे कोड छापलेलं स्टिकर असतं, त्यात २२० हा आकडा शोधा. विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका, बहुतेकांना स्वतःलाच माहीत नसतं.

ब्रेकबद्दल थोडं जवळून. ट्रॅकवर ब्रेक 'गेले' असं लोक म्हणतात तेव्हा दोन वेगवेगळ्या गोष्टी घडलेल्या असू शकतात, आणि पायाला त्या वेगळ्या लागतात. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून त्यांची पकड गेली आहे. रस्त्यावरचे सर्वसाधारण पॅड ३५० ते ४०० अंश सेल्सिअसपुढे असं करू लागतात. उलट पेडल स्पंजासारखं मऊ होऊन खाली जातंय, दोनदा पंप केल्यावर थोडं वर येतंय, तर ब्रेक ऑइल उकळलं आहे. द्रव दाबला जात नाही, पण उकळून झालेली वाफ दाबली जाते, म्हणून पायाची सगळी मेहनत बुडबुडे दाबण्यात जाते. डॉट ४ तेलाचा उत्कलनबिंदू नव्या डब्यात किमान २३० अंश असतो. हवेतला ओलावा शोषून तो कमी होत जातो, आणि प्रमाणित ओलाव्याला मानक फक्त किमान १५५ अंशांचं आहे. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८०. दोन वर्षं जुन्या तेलावर ट्रॅकला जाणं म्हणूनच धोक्याचं. गाडी कुठलीही घ्या, पहिल्या ट्रॅक दिवसाआधी सगळं तेल बदला, एक लिटर हाताशी ठेवा, आणि त्यानंतर वर्षाला एकदा तरी. डॉट ५ हे नाव मात्र डब्यावर दिसलं तर परत ठेवा, ते सिलिकॉनचं असतं आणि या गाड्यांच्या एबीएसला चालत नाही.

सेशनच्या शेवटी एक लॅप ब्रेक जवळजवळ न वापरता हळू फिरवा, आणि थांबल्यावर हँडब्रेक ओढू नका, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला अडण लावा. तापलेला पॅड डिस्कवर एकाच जागी दाबून राहिला तर त्याचा थर तिथे चिकटतो, आणि पुढे ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरतं. लोक त्याला डिस्क वाकली म्हणतात आणि नवी डिस्क घालतात. बऱ्याचदा डिस्क सरळच असते.

तुमची चार नावं आता एकेक करून घेऊ.

मुलीला मागे बसवायचं असेल तर केमन आणि ए११० दोन्ही बाद, त्या दोन सीटच्या आहेत. वाईट वाटतं, कारण रस्त्यावर गाडी चालवण्याचा आनंद हा एकच निकष धरला तर ए११० पुढे आहे: पुढे-मागे दोन्हीकडे डबल विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन आर्म), त्यामुळे वजनाला साजेशा मऊ स्प्रिंग ठेवूनही चाक रस्त्याशी सरळ राहतं. दुसरी गाडी घरात असेल आणि मुलीची सोय तिच्यात होत असेल तर या दोघींचा विचार परत सुरू करा. त्यासाठी मुद्दे देतो.

केमनमध्ये २००९ नंतरचीच बघताय ते बरोबर. त्याआधीच्या इंजिनात इंटरमीडिएट शाफ्टचं बेअरिंग तुटून इंजिन बाद होण्याचा धोका होता, आणि ३.४ लिटरच्या जुन्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडायचे. नव्या इंजिनात तो शाफ्टच नाही. तरीही पुढच्या बंपरच्या दोन्ही हवेच्या तोंडांत टॉर्च मारून बघा. पानं आणि खडी तिथे साचते, ओली राहते आणि एसीचा कंडेन्सर सडवते. इंजिन सुरू करताना निळसर-पांढरा धूर भरभरून येत राहिला तर तेल-वाफ वेगळं करणारा सेपरेटर फाटलेला असू शकतो. सुरुवातीची एखादी फुंकर बॉक्सर इंजिनाला चालते, मिनिटभर धूर चालत नाही. ए११० साठी महत्त्वाचं एकच: बॉडी आणि सांगाडा अ‍ॅल्युमिनियमचा, चिकटवून आणि रिव्हेट मारून जोडलेला. अपघातानंतर तो साध्या गॅरेजमध्ये नीट होत नाही. रंगाची जाडी मोजताना लोखंडावरच चालणारं मीटर इथे निरुपयोगी, अ‍ॅल्युमिनियम मोजणारं न्या.

उरल्या जीआर८६ आणि पहिली एम२. मुलगी दर आठवड्याला मागे बसणार असेल तर एम२ घ्या, तिच्या मागच्या सीट खऱ्या आहेत. जीआर८६ मध्ये उंच माणूस पुढे बसला की त्याच्या मागे सात वर्षांच्या मुलीच्याही गुडघ्यांना जागा उरत नाही. 'अधूनमधून' म्हणजे महिन्यातून एकदा-दोनदा असेल आणि ती सहचालकाच्या मागे, त्याची सीट पुढे सरकवून बसणार असेल, तर आमची पसंती जीआर८६. हॅचबॅकवरून पहिल्यांदाच मागच्या चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीवर येताय, आणि हिच्यात चूक कमी वेगात होते, सावकाश होते, आणि सावरायला वेळ मिळतो. शिवाय १२७० किलोला टायर आणि पॅड एम२ च्या मानानं बरेच जास्त दिवस पुरतात. एम२ च्या पुढच्या डिस्कच ३८० मिलिमीटरच्या आहेत, त्या बदलायची वेळ आली की हा मुद्दा कळतो.

जीआर८६ तपासताना इंजिन ऑइलकडे लक्ष द्या. ट्रॅकवर चालवणाऱ्या मालकांना दोन गोष्टी आढळल्या आहेत. इंजिन जोडताना लावलेल्या सीलंटचे जादा तुकडे तुटून तेल ओढणाऱ्या पाइपच्या जाळीवर अडकलेले सापडतात. आणि लांब उजव्या वळणात, चांगल्या पकडीच्या टायरवर, तेल एका बाजूला जाऊन दाब घसरतो. दोन्हींचा परिणाम बेअरिंगवर होतो. म्हणून गाडी ट्रॅकवर गेलेली असेल तर तेल कधी-कधी बदललं याच्या पावत्या मागा. शक्य असेल तर संप (इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी) उघडून जाळी बघा, खर्च फार नसतो. स्वतः ट्रॅकला नेताना तेल डिपस्टिकच्या वरच्या खुणेला ठेवा, दर दोन सेशनला तपासा, आणि ऑइल कूलर नसेल तर तेलाच्या तापमानावर नजर ठेवा: १२० अंशांच्या वर गेलं की एक लॅप हळू घ्या. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये आणि इनटेक पोर्टमध्ये अशा दोन्ही जागी फवारलं जातं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्हवर काजळी साचण्याची कटकट नाही.

एम२ च्या एन५५ इंजिनाला मात्र काजळीची कटकट आहे. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, व्हॉल्व्हची मागची बाजू कधी धुतली जात नाही, आणि तेलाच्या वाफेची काजळी तिथे बसते. थंड इंजिन अडखळत चालणं आणि पिकअप मंद होणं ही लक्षणं. ८० हजार किलोमीटरच्या आसपास अक्रोडाच्या कवचाचा बारीक चुरा मारून ती साफ करून घेतात. त्याहून गंभीर गोष्ट ऑइल फिल्टरच्या हाउसिंगच्या गॅस्केटची. रबर कडक होऊन तेल झिरपतं आणि खाली अल्टरनेटर फिरवणाऱ्या पट्ट्यावर टपकतं. तेलानं फुगलेला पट्टा पुलीवरून घसरतो, चिरफळतो, आणि त्याच्या चिंध्या क्रँकच्या पुढच्या सीलमधून ओढल्या जाऊन इंजिनात शिरतात. काही रुपड्यांच्या रबरापायी पूर्ण इंजिन उघडावं लागतं. म्हणून बॉनेट उघडून फिल्टरच्या खाली आरसा धरून टॉर्च मारा. कोरडी धूळ असेल तर चांगलं. काळा, ओला, धूळ चिकटलेला डाग दिसला तर गॅस्केट आणि पट्टा दोन्ही बदलायचा खर्च भावातून वजा करा. पाण्याचा पंप इलेक्ट्रिक आहे आणि फारशी सूचना न देता बंद पडतो, लाखभर किलोमीटर झाले असतील आणि बदलल्याची नोंद नसेल तर थर्मोस्टॅटसकट बदलून टाका. टर्बोकडून इंजिनाकडे जाणारा पाइप प्लॅस्टिकचा आहे. कुणी रिमॅप करून बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढवला असेल तर तो जोडाजवळ तडकतो. तो पाइप धातूचा बसवलेला दिसला तर विकणाऱ्याला रिमॅपबद्दल थेट विचारा.

दोन्ही गाड्यांना लागू असलेली तपासणी आदल्या रात्रीपासून थंड असलेल्या इंजिनावर करा. विकणाऱ्यानं तुम्ही पोचायच्या आधीच गाडी गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून किती गळते ते मोजणं) करून घ्या: सगळ्या सिलिंडरचा आकडा १० टक्क्यांच्या आत आणि एकमेकांजवळ हवा, एखादाच २० च्या वर असेल तर सोडा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चारही टायर एकाच कंपनीचे आणि जवळपास एकाच वयाचे नसतील तर आधीच्या मालकानं बाकी खर्चातही असाच हात आखडला असण्याची शक्यता धरा. पुढच्या टायरची फक्त आतली कड गुळगुळीत आणि बोटाला करवतीच्या दातांसारखी लागत असेल तर टो (वरून पाहता चाक आत-बाहेर वळलेलं असण्याचा कोन) बिघडलाय. बाहेरची कड गोल झाली असेल आणि तिथे रबराचे गोळे चिकटले असतील तर गाडी ट्रॅकवर कमी कॅम्बरवर (समोरून पाहता चाकाचा कल) चालली आहे. यात गैर काही नाही, पण 'कधीच ट्रॅकवर नेली नाही' हे वाक्य मग खोटं ठरतं. डिस्कच्या कडेला नखानं चाचपा: झिजून कड उभी राहिली असेल तर जाडी मोजा, किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. रिमॅप नको. जीआर८६ ला त्यातून फार थोडं मिळतं. एम२ ला भरपूर मिळतं, पण रेडिएटर, ऑइल कूलर आणि ब्रेक तेवढेच राहतात, म्हणजे विसाव्या मिनिटापर्यंत पोचणारी गाडी बाराव्या मिनिटाला पॉवर कापू लागते.

नुसत्या लोअरिंग स्प्रिंगही नकोत. या दोन्ही गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअब आणि स्प्रिंग एकत्र असलेला उभा खांब) आहेत. गाडी ३० मिलिमीटर खाली बसवली की खालचा आर्म चाकाच्या बाजूनं वर चढतो, आणि रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातं. दोघांतलं अंतर वाढलं की गाडी वळणात जास्त कलायला बघते. वर शॉकअबचा प्रवास कमी होऊन गाडी बम्प स्टॉपवर (प्रवासाच्या शेवटी असलेल्या रबरी अडथळ्यावर) आदळते, आणि वळणाच्या मध्यात ते झालं की पुढची पकड एकदम सुटते. दिसायला गाडी छान बसते, ट्रॅकवर वेळ वाढतो.

खर्चाचा क्रम असा ठेवा. सगळ्यात आधी ब्रेक ऑइल आणि पुढचे पॅड, रस्त्यावर थंड असतानाही धरणारे पण ६०० अंशांपर्यंत टिकणारे. ते थोडे चिरकतील आणि चाकं काळी करतील, तेवढं सोसा. मग अलाइनमेंट. जीआर८६ चा मूळ पुढचा कॅम्बर शून्याच्या जवळ असतो. स्ट्रटच्या वरच्या भोकात कॅम्बर बोल्ट घालून अंशभर किंवा थोडा जास्त मिळतो, कॅम्बर प्लेट घातल्या तर उणे २ ते उणे २.५ पर्यंत जाता येतं. मागे उणे १.८ ते २, पुढचा टो शून्य, मागे दोन्ही मिळून ०.२ अंश आत. रोजच्या वापरात आतली कड झिजेल या भीतीनं लोक कॅम्बर टाळतात, पण ती झीज बहुतेक वेळा टो चुकल्यानं होते. टो शून्य ठेवा, उणे २ कॅम्बरवर ऑफिसला जाता येतं.

त्यानंतर टायर. पहिल्या वर्षी चांगले रस्त्याचेच टायर ठेवा. ट्रेडवेअर (झिजेचा आकडा, कमी म्हणजे मऊ रबर) २०० चे चिकट टायर पकड देतात, पण सुटताना कमी सूचना देतात, आणि तेलाच्या दाबाची वर सांगितलेली अडचणही तेच वाढवतात. टायर थंड असताना हवा ३३ पीएसआय भरून निघा, तीन-चार लॅपनंतर पिटमध्ये येऊन लगेच मोजा. दर दहा अंशाला साधारण दीड पीएसआय वाढतं, त्यामुळे आकडा ४० च्या जवळ गेलेला दिसेल. ३६ ते ३८ वर उतरवा आणि चारही चाकांचे आकडे लिहून ठेवा. संध्याकाळी टायर थंड झाले की ते २९ ते ३१ वर आलेले असतील, घरी निघण्याआधी परत भरा. हे विसरून हायवेला लागणारे पुष्कळ आहेत. चाकांचे नटही तेव्हाच टॉर्क रेंचनं मॅन्युअलमधल्या आकड्याला तपासा.

शॉकअब आणि स्प्रिंग एकत्र, जोडीनं बनवलेले, दुसऱ्या वर्षी बघू. तोवरचे पैसे ट्रॅकवरच्या प्रशिक्षकाला द्या आणि ईएसपी (गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) पूर्ण बंद करण्याऐवजी मधल्या मोडवर ठेवून शिका, दोन्ही गाड्यांत तो मोड आहे.

एक राहिलं. पत्रात तुमची उंची लिहिलेली नाही. टेस्ट ड्राइव्हला हेल्मेट घेऊन जा आणि ते घालूनच बसा. क्लच तळाला दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहावा, पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकावं, आणि ब्रेक जोरात दाबलेला असताना उजव्या पावलाची कड अ‍ॅक्सिलरेटरला पोचावी. हेल्मेट आणि छत यांच्यात चार बोटं शिरली पाहिजेत. सनरूफ असलेल्या गाडीत आधी तेच मोजा, कारण तिथे दोन-तीन सेंटिमीटर छत खाली येतं आणि उंच माणसासाठी तेवढ्यावरच गाडी यादीतून जाते.